शिकागोच्या आगीची पायी फेरी आणि एका गायीवरचा आळ

८ ऑक्टोबर १८७१च्या रात्री शिकागोत लागलेल्या आगीने दोन दिवसांत शहरातील दर तीन माणसांपैकी एकाला बेघर केले. त्या आगीची हकिकत सांगणारी अडीच तासांची एक पायी फेरी मी गेल्या सप्टेंबरात माझ्या आत्यासोबत केली, तिचे हे परीक्षण आहे. फेरी चालवणाऱ्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या एका दुपारच्या, एका गटाच्या अनुभवावर बेतलेल्या आहेत. अशा फेऱ्या चालवणारे शहरात एकाहून अधिक आहेत, तेव्हा निवड करताना काय पाहावे आणि काय विचारावे, एवढे यातून कळले तरी पुरे.

शिकागोच्या नेपरव्हिल-शॉमबर्ग या उपनगरांच्या बाजूला राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या घरी भारतातून वडीलधारे आले की नेव्ही पिअर, मिलेनियम पार्कमधला तो चकाकता ‘बीन’ आणि नदीतली बोटीची सफर, असा शिरस्ता ठरून गेलेला आहे. आत्याने हे सगळे पहिल्याच आठवड्यात पाहून घेतले. ती कराडजवळच्या एका गावात राहते आणि तीस वर्षे गाई-म्हशी सांभाळून तिने आसपासच्या घरांना दुधाचा रतीब घातला आहे. कंदिलाला लाथ मारून अख्खे शहर जाळणाऱ्या गायीची गोष्ट मी तिला जेवताना सांगितली, तेव्हा तिने हातातला घास तसाच ठेवून विचारले, “किती वाजता म्हणालास?” रात्री नऊच्या सुमारास, असे मी सांगितले. “मग ते खोटं आहे,” ती म्हणाली आणि पुन्हा जेवू लागली. त्याच रात्री मी दोन तिकिटे काढली. माणशी ३२ डॉलर पडले.

फेरीची सुरुवात मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या वॉटर टॉवरपाशी होते. पिवळसर चुनखडीच्या दगडात बांधलेला हा १८६९ सालचा मनोरा आज भोवतालच्या उंच इमारतींमध्ये एखाद्या देवळाच्या दीपमाळेसारखा दिसतो. आमच्या मार्गदर्शक बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांची तयारी उत्तम होती. त्यांच्या हातात जुन्या नकाशांच्या मोठ्या प्रती होत्या, आणि प्रत्येक थांब्यावर “आपण आत्ता इथे उभे आहोत” असे त्या नकाशावर बोट ठेवून दाखवत. त्यांनी पहिल्याच थांब्यावर एक गैरसमज दूर केला. आगीतून वाचलेली एकमेव इमारत म्हणून हा मनोरा सर्रास दाखवला जातो, पण ते खरे नाही. मनोऱ्यासमोरचे पंपिंग स्टेशन भिंतींपुरते वाचले, पश्चिमेकडचे ओल्ड सेंट पॅट्रिक्स चर्च वाचले, आणि जळालेल्या पट्ट्यात एकटे उभे राहिलेले एखाद-दुसरे घरही होते. याच पंपिंग स्टेशनवर सोमवारी पहाटे तीनच्या सुमारास जळती लाकडे येऊन पडली, छप्पर कोसळले, यंत्रे थांबली आणि शहराच्या नळांचे पाणी तुटले. शेजारी मिशिगन सरोवर अथांग पसरलेले असताना बंबांच्या नळ्या कोरड्या पडल्या. हा प्रसंग त्यांनी आवाज न चढवता, सावकाश सांगितला आणि गटातला प्रत्येक जण सरोवराच्या दिशेने पाहू लागला.

या फेरीतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला थांबा त्यानंतर लगेच येतो. ह्यूरॉन आणि वॅबॅश या रस्त्यांच्या कोपऱ्यावर सेंट जेम्स कॅथेड्रल आहे. चर्चची बाकी इमारत आगीनंतर पुन्हा उभारलेली आहे, पण घंटेचा मनोरा मूळचा आहे. त्याच्या वरच्या भागातल्या दगडांवर काजळी आहे. दीडशे वर्षांचा पाऊस आणि बर्फ सोसूनही ती पुरती गेलेली नाही. चुलीमागच्या भिंतीवर जसा काळा थर धरतो आणि कितीही सारवले तरी खालून डोकावत राहतो, तसा तो रंग आहे. आकडे सांगून जे पोहोचत नाही, ते त्या दगडांकडे पाहून पोहोचते. १७,००० हून अधिक इमारती जळाल्या, सुमारे ३०० माणसे गेली, जवळपास १,००,००० लोक उघड्यावर आले, चार मैल लांब आणि पाऊण मैल रुंद पट्टा राख झाला, हे सगळे मी आधी वाचलेले होते. पण तिथे मान वर करून उभे राहिल्यावर ते आकडे पहिल्यांदा माझे झाले. बाईंनी तिथे पाच मिनिटे गप्प राहू दिले, याबद्दल त्यांचे वेगळे आभार मानायला हवेत.

आग लागली कशी, या प्रश्नापेक्षा ती पसरली कशी, याला या फेरीत दिलेली जागा मोठी आहे, आणि पैसे वसूल होतात ते इथेच. १८७१चा उन्हाळा कोरडा गेला होता आणि जुलैपासून पाऊस जेमतेम झाला होता. घरे लाकडाची, पदपथ लाकडाचे, कित्येक रस्त्यांची फरसबंदी पाइनच्या ठोकळ्यांची, छपरांवर डांबर, नदीकाठाला लाकडाच्या वखारी. तीन लाखांच्या या शहराला १८५ अग्निशामक आणि वाफेवर चालणारे १७ बंब होते. त्यातही आदल्याच रात्री, म्हणजे शनिवारी ७ तारखेला, एका लाकूड कारखान्यात लागलेल्या आगीने चार चौक खाल्ले होते आणि ती विझवता विझवता माणसे पार गळून गेली होती. रविवारी रात्री कोर्टाच्या इमारतीच्या मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला, मथायस शेफरला, उजेड दिसला. परंतु अंतराचा अंदाज चुकला आणि बंबांना जवळपास मैलभर दूरच्या ठिकाणची वर्दी गेली. चूक लक्षात आल्यावर त्याने खालच्या तारबाबूला बरोबर ठिकाणचा आकडा पाठवायला सांगितले, तर आता बदल केला तर गोंधळ वाढेल, असे म्हणून तारबाबूने नकार दिला. नैऋत्येकडून सुटलेला वारा मध्यरात्रीच्या आत आगीला नदीपार घेऊन गेला. हे एकामागून एक ऐकताना गाय मनातून आपोआप मागे पडते.

मुंबईच्या वाचकाला इथे १४ एप्रिल १९४४ची गोदीतली आग आठवल्यावाचून राहणार नाही. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज फुटले, तेव्हा जपान्यांनी हल्ला केल्याच्या वावड्या उठल्या होत्या. पण सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकाच जहाजात रचलेल्या होत्या, ही गोष्ट कोणत्याही वावडीपेक्षा भयंकर होती. आपल्याकडे त्या दिवसाच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो, तर अमेरिकेत शिकागोच्या आगीची आठवण म्हणून ९ ऑक्टोबर ज्या आठवड्यात येतो तो आठवडा आग प्रतिबंधक सप्ताह म्हणून पाळतात.

गायीचा विषय बाईंनी नदीवरच्या पुलाजवळ काढला. डी कोव्हन स्ट्रीटवर पॅट्रिक आणि कॅथरीन ओ'लिअरी हे आयर्लंडहून आलेले जोडपे राहत होते. कॅथरीन गाई पाळून शेजाऱ्यांना दूध घालत असे. आग त्यांच्या घरामागच्या गोठ्यात लागली, यावर वाद नाही. पुढची गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक आहे: कॅथरीन रात्री धार काढायला बसली, गायीने लाथ मारली, कंदील वैरणीत पडला. बाईंचे वाक्य पुरे होताच आत्याने माझ्या बाहीला धरून सांगितले, “त्यांना विचार, रात्री नऊला कुठली धार?” मी प्रश्न इंग्रजीत विचारला. बाईंचा चेहरा उजळला, कारण चौकशी समितीपुढे कॅथरीनने नेमके हेच सांगितले होते. ती पहाटे पाचला आणि दुपारी साडेचारला धार काढत असे. त्या रात्री तिचा पाय दुखत होता आणि आग दिसली तेव्हा ती अंथरुणात होती. पुढच्या खोल्यांत राहणाऱ्या मॅक्लॉफ्लिन कुटुंबाकडे पाहुणा आल्यामुळे गाणेबजावणे चालले होते आणि त्यांच्यापैकी कोणी दुधासाठी गोठ्यात गेले असावे, असाही एक तर्क होता, परंतु त्यांनी साक्षीत तो नाकारला.

आत्याचे त्यावरही म्हणणे होते. गाय लाथ मारते, तिने स्वतः दोनदा खाल्ली आहे, तेव्हा लाथ अशक्य नाही. पण दुपारी पिळलेली गाय रात्री परक्या हाताला पान्हा सोडत नाही, आणि जिची रोजीरोटी गोठ्यावर आहे ती बाई वैरणीशेजारी कंदील जमिनीवर ठेवत नाही. तो खुंटीला टांगते. हे मी गटाला सांगू लागलो तेव्हा ‘पान्हा’ या शब्दापाशी अडलो, कारण त्याला इंग्रजीत एक शब्द मला सापडेना आणि मला ते दोन वाक्यांत समजावावे लागले. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि त्यानंतर दोन-तीन प्रश्न थेट आत्याला विचारले. वेळापत्रक बाजूला ठेवून एका पाहुणीच्या अनुभवाला अशी जागा देणारे मार्गदर्शक मला फारसे भेटलेले नाहीत.

त्या गोठ्याचा विमा उतरवलेला नव्हता. ओ'लिअरींच्या गाई, घोडा आणि गाडी सगळे गेले. घर मात्र वाचले, कारण वारा ज्वाळांना ईशान्येकडे नेत होता आणि घर वाऱ्याच्या मागच्या अंगाला होते. आगीच्या उगमाशी असलेले घर उभे आणि बाकी शहर खाक, हे दृश्य लोकांच्या डोळ्यांत सलले असणार. त्यात कॅथरीन गरीब, परदेशातून आलेली, आयरिश, कॅथलिक आणि बाईमाणूस. ‘शिकागो टाइम्स’ने चाळिशीतल्या या स्त्रीला सत्तरीची वाकलेली म्हातारी म्हणून रंगवले, आणि सरकारी मदत बंद झाल्याचा सूड म्हणून तिने आग लावली असे छापले. याच वृत्तपत्राने काही दिवसांनी पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे त्याच वर्षी पॅरिसमध्ये झालेल्या क्रांतिकारी उठावातल्या, कम्युनिस्टांनी शहर जाळल्याचा बनावट कबुलीजबाबही प्रसिद्ध केला. पोलीस आणि अग्निशमन आयुक्तांच्या चौकशीत सुमारे ५० साक्षीदार तपासले गेले, ११०० हून अधिक हस्तलिखित पाने भरली, आणि ठिणगी एखाद्या धुराड्यातून उडाली की माणसाच्या हातून पडली हे सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. कॅथरीनवर दोष ठेवला गेला नाही, तरी लोकांच्या तोंडी तिचेच नाव राहिले. ती १८९५ साली वारली. तिने कोणाला आपले छायाचित्र काढू दिले नाही. शिकागोच्या नगर परिषदेने तिला आणि तिच्या गायीला निर्दोष ठरवणारा ठराव केला तो १९९७ साली, तिच्या मृत्यूनंतर १०२ वर्षांनी. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे आपल्याकडेही नवीन नाही, पण इथे चोर होता की नव्हता हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हते.

इथे माझा पहिला आक्षेप आहे. मायकेल अहर्न या बातमीदाराने गायीची गोष्ट आपण रचल्याचे १८९३ साली कबूल केले, आणि म्हणून सगळे खापर त्याच्यावर, असे बाईंनी सांगितले. परंतु ‘शिकागो इव्हनिंग जर्नल’ने ९ ऑक्टोबरलाच, म्हणजे शहर जळत असतानाच, गायीने दिव्याला लाथ मारल्याचे छापले होते. अफवा गल्लीत आधीच फिरत होती, आणि अहर्नची कबुली तिचा उगम पुरता सांगत नाही. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. लाकडी पायाचा गाडीवान डॅनियल सलिव्हन याने त्या रात्री आरडाओरडा करून लोकांना उठवले आणि जळत्या गोठ्यातून एक वासरू बाहेर काढले, असे त्याची साक्ष सांगते. त्याच्या साक्षीत विसंगती आहेत आणि आग त्याच्याच हातून लागली असावी, असे एका अभ्यासकाने १९९७ साली मांडले. त्या मांडणीचा ठरावाच्या वेळी उपयोगही झाला. बाईंनी हा तर्क जणू खटला निकालात निघाल्यासारखा सांगितला. एका माणसावरचा पुराव्याविना घातलेला आळ उतरवायचा आणि तो पुराव्याविनाच दुसऱ्याच्या माथी मारायचा, हे वड्याचे तेल वांग्यावर काढण्यासारखे झाले. दीड तास इतक्या सावधपणे बोललेल्या व्यक्तीकडून हे अपेक्षित नव्हते.

जुगार खेळताना कंदील पाडल्याचा लुई कोह्न याचा दावा आणि बिएला धूमकेतूचे तुकडे पडून आगी लागल्याचा तर्क त्यांनी थोडक्यात उरकला, ते योग्यच केले. धूमकेतूची कल्पना १८८३ साली पुढे आली, कारण त्याच रात्री विस्कॉन्सिनमध्ये पेश्टिगो गाव जळून तिथे किमान १,२०० माणसे मेली आणि मिशिगनमध्येही आगी लागल्या होत्या. मात्र त्या साऱ्या प्रदेशात तोच दुष्काळ होता आणि तोच वारा सुटला होता, एवढे त्यांनी सांगायला हवे होते. पेश्टिगोचे नाव गटातल्या एकानेही ऐकलेले नव्हते.

आता फेरीच्या आखणीविषयी. ती उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, तर आग दक्षिणेकडून उत्तरेकडे गेली. म्हणजे पहाटे तीनला बंद पडलेले पंप आधी, आणि दोनच्या सुमारास कोर्टाच्या मनोऱ्यावरून कोसळलेली घंटा शेवटी. कोर्टाच्या जागी आज सिटी हॉलची इमारत आहे, आणि तिच्यासमोर शहराच्या झेंड्यावरचा दुसरा लाल तारा या आगीसाठी आहे हे सांगून फेरी संपते. नवख्या माणसाला घटनाक्रम उलटा जुळवत बसावे लागते, आणि इंग्रजीशी झगडणाऱ्या ज्येष्ठांना तर फारच. कानात घालायला दिलेल्या यंत्रांपैकी आत्याचे पहिल्या वीस मिनिटांत बंद पडले आणि बदली यंत्र नव्हते. त्याहून मोठी उणीव म्हणजे आग जिथे लागली त्या डी कोव्हन स्ट्रीटपर्यंत ही फेरी जातच नाही.

शेवटी प्रत्येकाच्या हातात भेटवस्तूंच्या दुकानाची सवलतीची चिठ्ठी देतात. तिच्यावर कंदिलाला लाथ मारणारी गाय आहे आणि शेजारी डोक्यावर रुमाल बांधलेली बाई. तिकिटावरही तेच चित्र आहे. अडीच तास जिचा निर्दोषपणा आम्हाला पटवून दिला, तिचेच हे व्यंगचित्र निरोप घेताना हातात ठेवणे मला अनुचित वाटले, आणि मी ते त्यांना लेखी कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

आम्ही दोघे तिथून ब्लू लाइनने क्लिंटन स्थानकावर उतरलो आणि दहा-पंधरा मिनिटे चालून डी कोव्हन स्ट्रीटवर पोहोचलो. ओ'लिअरींच्या जागेवर आज शिकागो अग्निशमन दलाची अकादमी आहे. नवे जवान जिथे शिकतात, तीच ती जमीन. बाहेर एगॉन वाइनर यांनी घडवलेले ज्वालांचे कांस्यशिल्प आहे. तिकीट नाही, गर्दी नाही. आत्याने घर कुठल्या अंगाला असेल ते विचारले. मी नैऋत्य दाखवून वाऱ्याची दिशा सांगितली. “म्हणजे बिचारीला दार उघडलं की रोज जळकं गाव दिसत असणार,” ती म्हणाली, आणि नंतर गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही.

त्यामुळे माझी शिफारस अशी आहे. ही किंवा अशी कोणतीही फेरी घेण्याआधी सकाळी स्वतःच डी कोव्हन स्ट्रीटवर जाऊन यावे, तिथून कोर्टाच्या जागेपर्यंत, म्हणजे आज जिथे सिटी हॉल आहे तिथपर्यंत, आगीच्या वाटेने चालावे आणि मग वॉटर टॉवरची दुपारची फेरी गाठावी. क्रम आपोआप लागतो. नोंदणी करताना मार्गदर्शक कोण आहे, सेंट जेम्सचा थांबा आहे का आणि ऐकण्याची जादा यंत्रे आहेत का, हे विचारून घ्यावे. सोबत ज्येष्ठ असतील तर नदीच्या पुलावर वारा बोचतो, तेव्हा सप्टेंबरातही एक शाल बरोबर ठेवावी.